दोन प्रदर्शनांच्या मधला सोमवार

सोमवारी गॅलरी बंद.
रेमिगियुस खिळे उपटतो, भोकं लांबीनं बुजवतो,
अंगठ्यानं दाबून. पत्र्यावर त्याचा भरवसा नाही.
बाहेर नेमुनास अर्धी गोठलेली,
काठावर एकजण कुत्र्याला हाका मारतोय, कुत्रं ढिम्म.

बावीस वर्षांत या भिंतीला
पांढऱ्याचे एकशे चाळीस हात.
"खोली करंगळीभर लहान झालीय,"
तो म्हणतो. कोण मोजायला जातंय?

मागच्या महिन्यात उग्नेनं थेट भिंतीवरच रंगवलं होतं:
आईच्या स्वयंपाकघरातला निळा,
खिडकीपाशी जरा उडालेला,
शेगडीच्या वर तेलकट.
शेवटच्या दिवशी म्हणाली, पुसून टाका, ठरलंच होतं.
आणि कोट हातात घेऊन तशीच थंडीत गेली.

पहिला हात. दुसरा.
निळा खालून बघतच राहिला.
तिसऱ्याच्या आधी रेमिगियुसनं रोलर धुतला,
डबा झाकला,
पाठ धरलीय म्हणाला.

गुरुवारी उद्घाटन. राईची भाकरी, खारवलेले मासे,
प्लास्टिकच्या पेल्यांत आंबट वाइन,
लोखंडाच्या नव्या शिल्पाभोवती कोंडाळं.
त्याच्याकडे पाठ करून
एक म्हातारे गृहस्थ भिंतीशी नाक लावून उभे:
"हे कुणाचं? यादीत दिसत नाही."

क्युरेटर स्कायस्ते यादी चाळते,
चष्मा कपाळावर सरकवते,
भिंतीकडे बघते, मग खोलीभर.

कोपऱ्यात रेमिगियुस
मासा चावतोय, सावकाश,
जिभेनं काटा शोधत.