सहा नंबरचा सोफा

वर्षालीचा पहिला पगार झाला
म्हणून आम्ही कॉलेज रोडला बर्गर खायला गेलो.
दाराशीच काळ्या-पांढऱ्या फरशा, बुद्धिबळाच्या पटासारख्या, लखलखीत.
कुसुमने चपला काढल्या.
"आई, घाल गं," वर्षाली दबक्या आवाजात म्हणाली.
मी तेवढ्यात छताकडे पाहून घेतलं.

भिंतीवर लांबलचक गाडी, शेपटीला पंख असलेली,
मोकळ्या रस्त्यावर. रस्त्याला एक खड्डा नाही.
कोपऱ्यात गाण्यांची पेटी. नाणं टाकायला फट आहे,
पण नाणं चालत नाही,
गाणी मालकाच्या मोबाइलमधून येतात.
"बाबा, जुन्या काळासारखं केलंय सगळं."
मी म्हटलं, "कोणाच्या?"
ती मेनूकार्ड वाचत होती.

आम्हाला सहा नंबर मिळाला.
बसायच्या आधी मी हात फिरवला. सवय.
लाल रेक्झिन, पांढरं पायपिंग, पाठीला उभ्या घड्या,
एका पाठीला चौदा.
लोढांचा तुषार पंधरा म्हणाला होता, फोनवर फोटो दाखवून.
पण पंधरा घातल्या तर कापड ओढ खातं
आणि चार महिन्यांत शिवणीतून हसायला लागतं.
चौदा तर चौदा. त्याने मोजल्या नाहीत.

मागच्या मार्गशीर्षात हे सगळं
भद्रकालीत आमच्या बोळात उभं होतं,
बारा सोफे, वर ताडपत्री,
शेजाऱ्यांची स्कूटर निघेना म्हणून रोज सकाळी भांडण.
रज्जाक खिळे तोंडात धरून बोलायचा,
एकही कधी गिळला नाही.
नव्या स्प्रिंगा तुषारच्या बजेटात बसेनात.
मग भंगारातून आणल्या,
नाशिकरोडच्या बंद पडलेल्या थेटराच्या, बाल्कनीतल्या.
रॉकेलने पुसल्या, गच्चीवर उन्हात मांडल्या.
मला त्यांना शेंगदाण्यांचा वास आला.
रज्जाक म्हणाला, वेड लागलंय तुला.
असेल.

बर्गर आला. वरून काडी टोचलेली,
काडीला भलत्याच देशाचा झेंडा.
कुसुमने वरचा पाव उचलून आत पाहिलं,
ब्लाऊजचं अस्तर पाहते तसं.
"तळलेली मिरची आहे का?"
पोराने कागदी टोपी सावरली, आत गेला,
आणि आणल्या हो त्याने, दोन, मीठ लावून.
आचाऱ्याच्या स्वतःच्या डब्यातल्या असाव्यात.

तोच पोरगा म्हणाला, "काका, आरामात टेका,
सीट इंपोर्टेड आहेत, थेट अमेरिकेच्या."
वर्षालीने माझ्याकडे पाहिलं.
चार रात्री जागून बटणांवर कापड तिनेच चढवलं होतं.
मी म्हटलं, "वाटलंच मला.
आपल्याकडे कुठे होतंय असलं काम."
कुसुमला ठसका लागला.

तुषारकडे माझे सात हजार अजून अडकलेत.
तो गल्ल्यामागे होता. मला पाहून त्याने
न वाजलेला फोन कानाला लावला.
मी उठलो नाही. पोरीचा दिवस होता.

बिल येईपर्यंत कुसुम जराशी भिंतीकडे सरकली
आणि खालून एक स्प्रिंग बोलली,
बारीक, दोन सुरांत,
आधी वर, मग खाली.
कुसुम थांबली. पुन्हा सरकली, मुद्दाम.
मग माझ्याकडे न बघता, मिरचीचं देठ ताटलीच्या कडेला ठेवत,
"अश्शीच करायची हो ती खुर्ची.
पुढचा माणूस वळून वळून बघायचा."

स्प्रिंगांचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

वर्षाली कार्डाचा नंबर दाबत होती.
तिला ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं.

खरं तर दोन थेंब तेलाचं काम आहे.
सोफा उलटा करायचा, खालचं कापड उसवायचं, पाच मिनिटं.
सात हजार मागायला येईन तेव्हा
सुई-दोरा असेल खिशात, नेहमीसारखा.
तेलाची बुधली घरीच ठेवीन.