पोल नसलेली वाट

तेहतीस वर्षं हा सडा मी वर बघत ओलांडला.
कमरेला पक्कड, दांड्याला बांधलेली बांबूची काठी,
नजर तारेवर:
कुठे फांदी टेकलीय, कुठे चिनीमाती तडकलीय,
कुठल्या खांबावर कावळा जळून लटकलाय.
एकशे बाराव्या पोलचा तण ढिला,
दोनशे सातला मुंग्यांचं घर.
मान वर करून चालणाऱ्याला गावात मान असतो,
एवढंच मला ठाऊक.

सायकल तीच आहे. गियर नाहीत, घाई नाही.
यासीन सोलकरने ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवून दिल्या,
मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना.
डावीत चादर, तांदळाच्या भाकऱ्या, सुका जवळा.
उजवीत पंप, पान्हा, सोल्युशन, जुन्या ट्यूबचे तुकडे.
"जाणार कुठे?" मापं घेताना त्याने विचारलं.
मी म्हटलं, जिथे माझं काही काम नाही तिथे.

आंब्याच्या कलमांचा गडगा संपतो तिथे
डांबर डावीकडे वळतं, तारा त्याच्यासोबत.
मी उजवीकडे.
बैलगाड्यांनी जांभ्यात कोरलेल्या दोन चाकोऱ्या,
एकीत माझं चाक, दुसरी रिकामी.
हॉर्न नाही. पाठीमागून कोणी येत नाही.
साखळीची करकर, आणि वर कुठेतरी
दिसत नाही असा एक चंडोल.
अश्विनातलं गवत उभ्याउभ्या पिकलेलं,
वारा आला की सगळा सडा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होतो.
करवंदी, तोरण, अंजनीच्या बुटक्या जाळ्या,
माणसाच्या गुडघ्याहून वर न जाण्याचं ठरवलेलं रान.

मग करवंदीचा काटा. मागचं चाक बसलं.

ट्यूब काढली, फुगवली, गालाला लावली,
कानाला लावली. वाऱ्यापुढे भोक बोलेना.
पाणी हवं होतं.
गवतातून विळा वर आला, त्यामागून एक म्हातारी.
"तू वायरमन मां रे? फॉल्ट खंय आसा?"
"चाकात."
ती हसली नाही. पुढे झाली,
कातळातला एक खळगा दाखवला,
गुडघाभर, पावसाचं उरलेलं.
"सरसू गुरव मी," ती म्हणाली,
"माझी लायट तोडलंस एकदा. गणपतीत.
दोनशे रुपयांसाठी. मी इसराक नाय."
मीही विसरलो नव्हतो. माणूस आठवत नव्हता,
पोल आठवत होता.

ट्यूब पाण्यात बुडवली.
बेडूकमाशांच्या गर्दीतून
बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.
तिथे बोट दाबून, वाकून, मी बराच वेळ तसाच.
खळग्याच्या कडेला पांढरे गेंद, गुंडीएवढे,
आणि त्यांच्याखाली, मातीला चिकटून,
लाल केसांचं एक रोप, प्रत्येक केसावर थेंब.
एका थेंबात मुंगी अडकलेली, अजून पाय हलवत.
"ह्या काय?" मी विचारलं.
"ता हयच आसता," सरसू म्हणाली, "तू खंय बघतलंस?"

पॅच सुकेपर्यंत तिने तवसं कापलं,
त्याच विळ्याने, मधोमध.
मीठ नव्हतं. कोणी काही बोललं नाही.

दुपारी सडा संपला आणि उतार राईत शिरला.
उन्हाचे ठिपके हँडलवरून हातावर, हातावरून मागे.
गारंबीचे वेल झाडाझाडांतून ओढलेले,
जाड, लोंबते. माझी मान आपसूक वर गेली:
तण बरोबर नाही, हात लावायची गरज नाही.
सातवीणीचा वास इतका दाट
की ब्रेक मारावासा वाटला. मारला नाही.

सवयीनं मोजत होतो. बुंधे.
एक, दोन, वाकडा, चार,
वारूळवाला, सहा...
सतरानंतर कधीतरी चुकलो.
पायडल थांबलेलं, चाकाची टिकटिक,
आणि खाली झाडांमधून
वाघोटणची खाडी, भरतीला लागलेली.