पायताण

आमच्या चर्चमध्ये पायताण कुणी काढत नाही.
पाळकसाहेबांचे बूट चकचकीत,
रत्नमाला मावशींच्या सँडलची टाच फरशीवर टिकटिकते.
एकटा माझा बाप, शांतवन आवळे,
पायरीखाली वाकतो.
स्वतःच शिवलेलं कापशी पायताण,
तळात विंचवाचं बी घातलेलं, करकर वाजणारं.
"आवाज गावाला ऐकू दे," म्हणतो. "आत नको."

बारावी नापास झालो त्या वर्षी मी विचारलं होतं,
देवाला आपली स्तुती कशाला लागते?
उपाशी आहे का तो?
सगळं त्याचंच म्हणता,
मग दर रविवारी साडेनऊला ही उठाबस कुणासाठी?

बाप आरीला मेण लावत होता.
त्याला बोलता येत नाही. शिवता येतं.

पुढं कधीतरी, वादी ओढता ओढता म्हणाला:
"पवित्र हा शब्द माझ्या आजोबानं
जन्मभर दाराबाहेरनं ऐकला.
पवित्र म्हणजे लांब हो.
पवित्र म्हणजे सावली आवर,
कातड्याचा वास येतोय, वाऱ्याच्या खाली उभा राहा.
मग एका दुपारी मिशनातल्या कुणीतरी
त्याला ती गोष्ट वाचून दाखवली.
मेंढरं राखणारा एक जण. पेटलेलं झुडूप.
जाळ आहे, आणि पान करपत नाही.
आतून नावानं हाक. तिथंच थांब. पायताण काढ.
आजोबा हसला म्हणे,
हा देव तर माझ्या धंद्यातलं बोलतोय!
मग बराच वेळ गप्प बसला.
त्याच्या पायाखालच्या मातीला
तोवर कुणी पवित्र म्हणालं नव्हतं."

या शहरात बाप पुष्कळांच्या पायाशी वाकला.
तालमीतले पैलवान, साखर कारखान्याचे चेअरमन,
लाल दिव्याच्या गाडीतून उतरलेला एक साहेब.
कागदावर पाय ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची.
कितीही मोठा असो, पाय कागदात मावतो.
वाकून उठताना बाप तेवढाच राहायचा,
कधी थोडा कमी.
रविवारी वाकून उठतो तेव्हा
मला तो उंच दिसतो. का, ते मी कधी सांगू शकलो नाही.
ज्याचं माप कुठल्याच कागदात मावत नाही
त्याच्या पायांना खिळ्यांच्या खुणा आहेत,
हे बापाला ठाऊक आहे.
आरी कातड्यात शिरते तेव्हा
त्याचा हात क्षणभर थांबतो.

महापुराच्या साली पंचगंगा गल्लीत आली.
चाळीस कातडी, सहा डझन जोड,
बाभळीच्या सालीचं पिंप, सगळं गेलं.
शाळेच्या वर्गात नऊ दिवस आम्ही बाकांवर झोपलो,
बंधाऱ्याची पातळी फुटाफुटानं ऐकत.
मी नदीला शिव्या दिल्या, सरकारला दिल्या,
आणि कुणाला द्यायच्या राहिल्या
ते बापाला न सांगता कळलं.

पाणी ओसरल्यावरचा पहिला रविवार.
फरशीवर घोटाभर गाळ,
पेटी फुगून मुकी, गीतांची पुस्तकं उन्हात पसरलेली.
बापाकडे काढायला पायताण उरलं नव्हतं.
तरी तो पायरीखाली वाकला,
पायात नसलेलं काहीतरी काढलं,
नीट जोडीनं बाजूला ठेवलं
आणि आत गेला.

वाटलं होतं, आता तरी तो विचारेल.
नदीचा धनी कोण, हे त्याला माहीत होतं,
आणि धन्याला जाब विचारायचा हक्कही त्याला होता.
तोंड उघडलं त्यानं. ओठ थरथरले.
एकच शब्द निघाला, तीनदा,
तोच, जो आजोबानं दाराबाहेरनं ऐकला होता.
गाळात उभा राहून, आतून.

परवा मीही पायरीखाली वाकलो.
श्रद्धा म्हणा, लाज म्हणा, मला नाव देता येत नाही.
बुटाची लेस पावसानं भिजून आवळली होती,
गाठ सुटेना. आत पहिलं गीत सुरू झालं.
बाप दारात थांबला, अनवाणी,
माझ्या हातांकडे बघत.