वर जागा सोडायची

पाथरी डेपोतून रिटायर झाल्याला अकरा दिवस झाले,
बाराव्या दिवशी यांनी ओव्हन आणला.
नांदेडहून, वापरलेला, मांडीवर धरून,
एसटीनं.
स्वतःला पास होता, ओव्हनचं तिकीट काढलं.

मी म्हणलं, कामून?
म्हणाले, मफिन करायचेत.
असं म्हणाले, जसं एखाद्या नव्या थांब्याचं नाव,
जिथं गाडी अजून एकदाही गेलेली नाही.

कोऱ्या वेबिलच्या पाठीवर सगळं लिहून आणलेलं.
दोन कप मैदा. कप म्हणजे कोणता?
घरात सात कप, साती सात मापांचे.
शेवटी कान तुटलेला घेतला,
त्याला नाहीतरी चहाला कुणी विचारत नाही.
निम्मा मैदा, निम्मं ज्वारीचं पीठ. हे माझं म्हणणं.
सोमवार, म्हणून अंडं नाही, दही.
तेल करडईचं, घाण्यावरचं.
वास येतो. येऊ द्या.

एका पातेल्यात गूळ आणि अर्धापुरी केळी,
साल काळी पडून आतून मध झालेली.
दुसऱ्यात पातीचा कांदा, लसूण, मेथी,
दोन मिरच्या, मग यांचा डोळा चुकवून अजून एक.

साच्याला सहा खड्डे. तीन गोडाचे, तीन तिखटाचे.
मी पळीनं काठोकाठ भरायला घेतलं
तर मनगट धरलं माझं.
वर जागा सोडायची. फुगतं ते.

चव्वेचाळीस सीटांच्या गाडीत नव्वद माणूस घालून
पुढं सरका, पुढं सरका करत
चौतीस वर्षं मानवत, सोनपेठ, माजलगाव केलं या माणसानं.
लग्नसराईत तर दारात लोंबकळत स्वतः.
आता बोट आडवं धरून दाखवतोय, एवढी जागा.
मी काही बोलले नाही.
पळीतलं पातेल्यात परत सोडलं.

अठराव्या मिनिटाला लाइन गेली.
आतली तार लाल होती, तपकिरी झाली,
मग दिसेना.
मी दाराकडं हात नेला.
उघडू नको, म्हणाले.
गाडी बंद पडली की लगेच उतरायचं नसतं.

मग बसलो दोघं, ओट्याला पाठ लावून, फरशीवर.
साडेसात झाले असतील.
या टायमाला हे कुठंतरी ढालेगावच्या पुलावर असायचे,
आणि घरात ताप आलेलं लेकरू, आलेले पाव्हणे, आणि मी.
हे मी बोलून दाखवणार होते. खरंच.
पण अंधारात गुळाचा वास आणि लसणाचा वास
एकाच मांडवात दोन लग्नं लागावीत तसे
एकमेकांत घुसले होते
आणि यांनी ओव्हनच्या पत्र्यावर
नखानं दोन ठोके दिले.
टण, टण.
कुणाला सांगत होते चला म्हणून, कोण जाणे.

लाइन आलीच नाही.
मोबाइलच्या बॅटरीत दार उघडलं.
सहाच्या सहा मधोमध खचलेले.
आणि वरून सगळे सारखेच.
गोड कोणते, तिखट कोणते,
खूण करायला तीळ काढून ठेवले होते वाटीत,
ते वाटीतच.

भिंतीपलीकडं तस्लीमबीला हाक दिली.
त्यांना शुगर. त्यांनी चिमटा तोडला, हुंगला,
जिभेवर ठेवला, डोळ्यांत पाणी आलं.
तिखटच होता. माझी तिसरी मिरची त्यांना लागली.
पदरानं नाक पुसत म्हणाल्या,
मुंजाजीभाऊ, झालंय झ्याक, पण हे मधी बसलंय हो.

बसू द्या की, हे म्हणाले,
उभ्यानं लई जणं आणलेत आजवर.

यांनी दोन खाल्ले, मी एक,
खचलेल्या खळग्यात लोणी भरून.
दोन तस्लीमबीच्या घरी गेले.
एक उरलाय, वाटीखाली झाकलेला.
कोणता आहे ते
अजून कुणी फोडून पाहिलेलं नाही.