पाच नंबर

बेंजामिन अमोलिक,
चौदा सीझन मी तुझी पाठ पाहिली.
लोक पाठ दाखवतात ती पळून जाताना.
तू दाखवलीस उभं राहून,
माझ्या आणि जगाच्या मधोमध.
आणि जग तरी तेव्हा केवढं होतं –
खडकी बाजार, दारूगोळा कारखाना, रेंजहिल्सच्या क्वार्टर्स,
रविवारी धोबीघाटचं ग्राउंड.

पाचाचा आकडा तुझ्या आईनं शिवलेला,
जुन्या पायजम्याच्या कापडातून.
त्याचं पोट उसवायला लागलं
की मला कळायचं, हाफटाइम जवळ आला.
घाम कुठून सुरू होतो तेही माहीत होतं,
डाव्या खांद्याखालून,
तालुक्याच्या नकाशासारखा पसरत.
चेहरा म्हणशील तर
मला तुझ्या गेटपासवरचाच आठवतो.

तू पळायचास फार कमी.
नवी पोरं हसायची, अंकल नुसता उभाय.
पण बॉल जिथे यायचा
तिथे तू आधीच पोचलेला,
पाहुणे यायच्या आत
दारातल्या चपला सरकवून ठेवणाऱ्या माणसासारखा.

गोव्याच्या एका क्लबनं बोलावलं होतं तुला.
नोकरीवर बिनपगारी रजा टाकून गेलास,
नवव्या दिवशी परत लेथवर हजर.
काय झालं रे? तर म्हणालास,
"तिकडचं ग्राउंड फार मऊ आहे."

मास्तरांच्या वहीत रकाने होते:
गोल कुणाचा, पास कुणाचा, कितवं मिनिट.
जे झालंच नाही त्याला रकाना नसतो.
रेल्वेचा तो घाऱ्या डोळ्यांचा विंगर
तू अख्खी मॅच खिशात घालून फिरवलास.
सोमवारी पेपरात आलं, तो निष्प्रभ ठरला.
कुणामुळे, ते नाही आलं.

तुझं नाव एकदाच छापलं त्यांनी.
शहाण्णव साल, सेमीफायनल,
शून्य-शून्य, चार मिनिटं उरलेली.
डावीकडून उंच क्रॉस. ऊन माझ्या डोळ्यांत.
मी पुढे आलो, मग थांबलो,
"माझा!" म्हणायचं होतं फक्त,
तीन अक्षरंसुद्धा नाहीत,
आणि घशातून काही निघेना.

तू वळलास.
चौदा सीझनात तेवढ्या एका वेळी
मला समोरून दिसलास, हवेत,
डोळे मिटलेले, भुवईला माती.
बॉल माझ्या बोटांना वारा घालून गेला.

अमोलिक, स्वयंगोल, शहाऐंशी.
तुझ्या आईनं कात्रण बायबलमध्ये ठेवलं.
तिला वाचता यायचं, फुटबॉल कळायचा नाही.
शेजारणीला दाखवायची,
नाव आलंय बघ आमच्याचं.

आणि मी. मास्तरांना सांगितलं,
"मी ओरडलो होतो, सर. यानं ऐकलं नाही."
दोन हातांवर तू बूट काढत बसला होतास.
लेस भिजलेली, गाठ सुटत नव्हती.
वर बघितलं नाहीस.

त्यानंतरही सहा सीझन खेळलास माझ्यापुढे.
तेवढ्याच अंतरावर. एक पाऊल इकडे नाही.

परवा तुझा दुसरा गुडघा बदलला.
बोपोडीचं हॉस्पिटल, तिसरा मजला,
खिडकीतून मेट्रोचा खांब आणि त्यावर एक घार.
मी अर्धा डझन केळी घेऊन आलो,
एक सोलून तुला दिलं,
साल हातात धरून बसलो बराच वेळ,
कुठे टाकायची ते न कळल्यासारखा.
मग म्हणालो,
"बेंजा, त्या दिवशी मी ओरडलोच नव्हतो."

तू केळं संपवलंस.
"पंखा दोनवर कर," म्हणालास.

मग पट्टी बांधलेला पाय दोन्ही हातांनी उचलून,
जरासं कण्हत,
भिंतीकडे कूस बदललीस.
गाऊनच्या मागच्या नाड्या सुटल्या होत्या.
पाठ आता बारीक झालीय,
मणके मोजता येतात,
पण डाव्या खांद्याखाली अजून तिथूनच घाम.

मी पंखा दोनवर केला.
नाड्यांना गाठ मारली, सैलशी,
नर्सला सोडता येईल अशी.