पावणेदोन ग्रॅम

दोनशे साठ युरो,
पावाच्या कागदी पिशवीत घडी घालून आणलेले.
इल्दा बेकरीत रात्रपाळी करते, नोटांनाही पिठाचा वास.
"एवढ्यात बसव, अदेरितु. आणि मला ती हवी,
खिडकीतली. निळी पेटी."

निळी पेटी देखणी आहे. मीच पुसतो रोज.
झाकण उघडलं की सगळं आत : सुई, दांडा, आवाज.
पण दांडा जड, पाच-सहा ग्रॅमनी रेटतो,
आणि तबकडीवरची खाच म्हणजे काही
नांगराचं तास नव्हे.
"ही वाजवत नाही गं, खरवडते," मी बोलून गेलो.
धंद्यात असं बोलू नये.
मागे बायको खाकरली.

मग बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
पट्ट्यावर फिरणारं यंत्र, जुनं,
एका दंतवैद्याने काढून टाकलेलं : एकशे दहा.
पट्टा नवा : बारा.
सुई नवी, पंचेचाळीस. इथे हात आखडायचा नाही,
जुनी सुई म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश.
प्रीअँप, काड्यापेटीएवढा, पंचवीस.
"हा कशाला?"
"सुई कुजबुजते फक्त. कुणीतरी ते
मोठ्याने सांगावं लागतं."
"माझ्या सासूसारखं," ती म्हणाली,
आणि मला पहिल्यांदा वाटलं, सौदा होणार.

स्पीकर, पोटातच अँप्लिफायर असलेले,
एकाच्या कोपऱ्याला पोचा : नव्वद.
बावीस कमी पडत होते.
तिने पिशवी उलटी करून झटकली. पीठ पडलं.
"रोज दोन पाव. अकरा दिवस."
"राईचे," मागून बायको म्हणाली.

रविवारी चौथा मजला चढलो.
पोर्तोतली जुनी घरं नदीकडे कलतात,
तिच्या जमिनीवर लिंबू ठेवलं की दाराशी जाऊन थांबतं.
पाणसळीचा बुडबुडा मध्ये येईना.
बाटलीचं बूच चिरलं, टेबलाच्या दोन पायांखाली
चकत्या सरकवल्या, एक जाड, एक पातळ,
आणि तासाभराने ते एक टेबल तेवढं
अख्ख्या गल्लीत सरळ उभं राहिलं.

मग दांडा. मागचं चाक फिरवत फिरवत
तो हवेत तरंगेपर्यंत, ना वर ना खाली,
आणि तिथून पुढे, जीव मुठीत धरून,
पावणेदोन ग्रॅम.
सोनाराकडे असतो तसा छोटा काटा मी जवळ बाळगतो.
इल्दा श्वास रोखून बघत होती,
भट्टीतला पाव बघावा तशी.

तिच्याकडे तबकडी एकच. आईची.
कव्हर चिकटपट्टीनेच धरून ठेवलेलं.
म्हणाली, "दुसऱ्या गाण्यात अडकेल बघ. तिथे
'पाण्यावर, पाण्यावर, पाण्यावर' येतं,
मग बाबा टेबलावर थाप मारायचे, की पुढचं कडवं.
आम्ही तसंच म्हणतो. माझ्या लग्नातही तसंच म्हटलं,
सगळ्यांनी, थापेसकट."

दुसरं गाणं लागलं. तिचा हात टेबलावर, तळवा उघडा.
पाण्यावर,
आणि सुई थांबलीच नाही.
पाण्यावर ढकलली होडी,
वल्ही राहिली घरी.

एवढंच. चाळीस वर्षं त्या खाचेत पडून होतं.
तळवा तसाच राहिला, हवेत.

तिने भावाला फोन लावला. नार्सिझु,
लक्झेंबर्गमध्ये क्रेन चालवतो.
स्पीकरसमोर फोन धरला, दोनदा वाजवलं.
पलीकडून बराच वेळ नुसती खरखर.
मग तो म्हणाला, "ही आपली नव्हे.
आपलीत ते तीनदा आहे."

इल्दाने माझ्याकडे पाहिलं,
मीच तबकडी बदलली असावी असं.
"वजन कमी केलं तर अडकेल?"
अडकू शकतं, मी म्हटलं. पण सुईचं नुकसान, खाचेचंही,
आणि पंचेचाळीस युरो काही झाडाला लागत नाहीत.
"विचारते आहे फक्त."

मी पाणसळ पिशवीत टाकली. काटाही.
चाक कुठल्या बाजूला फिरतं
ते तिला दाखवलं,
आणि खाली उतरलो.