पाऊणकी

केंद्रप्रमुखांनी निकालाचा कागद टेबलावर पसरला,
पंख्याने उडू नये म्हणून वर ठेवला
माझ्याच वर्गातला शंख.
बुरोंडीची शाळा, तालुक्यात एकेचाळिसावी.
पट तेवीस.
पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही.

दिवाळीनंतर चित्रकलेचा तास गेला.
मग शनिवारची किनाऱ्यावरची फेरी.
शिंपल्यांचं खोकं कपाटावर गेलं,
त्यावर सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे.
गोष्ट सांगायला घेतली तर साहिबा विचारते,
बाई, यावर किती मार्कांना येतं?

गोल पूर्ण काळा करायचा. रेघेबाहेर जायचं नाही.
रात्री झोपेत मीही गोल भरते,
कडेला पांढरं राहतंच.

मंथन पावसेचा एकही गोल जागेवर पडत नाही.
पाऊण म्हणजे किती, पर्याय चार.
तो तिसऱ्याकडे बघतो, मग खिडकीकडे.
पण बंदरावर त्याला विचारा, आज भरती कधी?
तो उलट विचारेल, तिथी कुठली?
षष्ठी.
सहा पाऊण साडेचार, बाई.
आणि साडेचारला पाणी
धक्क्याच्या तिसऱ्या पायरीला लागलेलं असतं,
कुठलीही उत्तरसूची न बघता.
आजोबांनी दिलेली पाऊणकी.
माझ्या अभ्यासक्रमात ती नाही.
मला स्वतःला नवकीपुढे येतही नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी
त्याला व्हरांड्यात बोलावलं.
म्हटलं, उद्या नाही आलास तरी चालेल.
म्हणजे, बरं नसेल तर.
त्याने कपाळाला हात लावून बघितला.
बरा हाय बाई, म्हणाला.
मी फळ्याची फडकी झटकत राहिले.
मग त्याला कळलं.
एवढं गणित त्याला येतं.

निकाल ब्याण्णव टक्के.
पंचायत समितीच्या सभागृहात नारळ, गुलाब, फोटो.
फोटोत मी कडेला आहे. हसते आहे.
केंद्रप्रमुख म्हणाले, बघा, मनावर घेतलं की होतं.

दुसऱ्या दिवशी तो प्रार्थनेच्या आधीच आला होता,
पायांना वाळू, हातात पिशवी.
बाबांनी दिलीत, बोटीवर गेलेलो ना काल.
चार बांगडे होते. ताजे.
मी घेतले.
आज पेपर नाय ना, त्याने दारातूनच विचारलं,
आणि मी नाही म्हणेपर्यंत
आत पाऊल टाकलं नाही.

अहवालात एक रकाना आहे,
अनुपस्थितीचं कारण.
तिथे माझ्या अक्षरात ‘आजारी’ आहे,
सुबक,
रेघेबाहेर कुठेही न गेलेलं.